जुन्या गिऱ्हाइकांच्या वह्या आणि पुढच्या हंगामाची विक्री

कलमांची_बाग (7 डिसेंबर, सकाळी 9.20)

रत्नागिरी तालुक्यात, पावसच्या बाजूला आमची हापूसची बाग आहे. सासऱ्यांच्या वेळी बहुतेक माल वाशीच्या बाजारात जात असे आणि घरपोच पेट्या फक्त ओळखीपाळखीच्या लोकांना दिल्या जात. पुढे ओळखीतून ओळख वाढत गेली आणि आज निम्म्याहून अधिक आंबा आम्ही थेट लोकांच्या घरी पोहोचवतो. या व्यवहाराच्या 2014 पासूनच्या 12 वह्या कपाटात आहेत.

मागच्या आठवड्यात जाहिरातीचे काम करणारे एक गृहस्थ आले होते. पुढच्या हंगामासाठी त्यांनी 40,000 रुपयांचा प्रस्ताव दिला. "तुमचे गिऱ्हाईक कोण?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मला "पुण्या-मुंबईचे लोक" एवढेच सांगता आले. ते उत्तर मला दिवसभर खटकत राहिले, कारण खरे उत्तर कपाटात होते आणि मी ते कधी वाचलेच नव्हते.

रात्री 2017 ची वही उघडली. एका पानावर सासऱ्यांच्या अक्षरात लिहिले आहे: "डोंबिवलीच्या काकू. 2 पेट्या, 1 कच्ची, 1 तयार. मुलीकडे ठाण्याला 1. फोन दुपारी 4 नंतरच." खालच्या फोन नंबराचा शेवटचा आकडा वाळवीने खाल्ला आहे. या काकूंचे नाव 2019 नंतर कुठल्याच वहीत नाही. त्या का थांबल्या, हे आम्हाला ठाऊक नाही, आणि त्या थांबल्या हेही मला त्या रात्रीच कळले.

माझे दोन प्रश्न आहेत. घरात पडून असलेल्या अशा माहितीचा विक्रीसाठी कोणी नीट उपयोग केला आहे का, आणि तो कसा? आणि लोकांनी आंबा मागवण्यासाठी दिलेले नाव-नंबर अशा कामासाठी वापरणे योग्य आहे का?

खाडीकाठ (7 डिसेंबर, सकाळी 11.05)

ताई, जाहिरातीचे नंतर बघा, आधी वह्या एका तक्त्यात आणा. मी गुहागरला आमसूल, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि कुळथाचे पीठ विकतो. दोन वर्षांपूर्वी मी हेच केले आणि त्यातली पहिली अडचण सांगून ठेवतो: गिऱ्हाईक नावावरून ओळखू नका, मोबाइल क्रमांकावरून ओळखा. माझ्या वहीत एकच बाई "जोशी वहिनी", "सौ. जोशी", "पार्ल्याच्या वहिनी" आणि नुसतेच "वहिनी" अशा चार नावांनी होत्या. चार किरकोळ गिऱ्हाइके आहेत असे मला वाटत होते, पण प्रत्यक्षात ते माझे सर्वांत मोठे घर निघाले.

पूर्ण पत्ता उतरवण्यात वेळ घालवू नका, पिन कोड पुरेसा आहे. पिनचे पहिले तीन आकडे टपालाच्या वाटणीचा जिल्हा सांगतात. 400 म्हणजे मुंबई, 411 पुणे, 421 म्हणजे कल्याण-डोंबिवलीचा पट्टा, 422 नाशिक. त्या तीन आकड्यांवर क्रम लावला की आपला माल कुठे जातो हे पाच मिनिटांत दिसते. बाकी रकाने तारीख, माल, नग, रक्कम, आपल्याबद्दल कोणाकडून कळले आणि तक्रार एवढेच ठेवा. "कोणाकडून कळले" हा रकाना जुन्या वह्यांत नसेल, तो यंदापासून सुरू करा.

तक्ता झाल्यावर मला कळले की आगळ घेणारी घरे आमसूल जवळजवळ घेतच नाहीत. आगळाची मागणी उन्हाळ्यात उसळते, तर आमसुलाची वर्षभर थोडी थोडी असते. तोवर मी सगळ्यांना सगळ्या मालाची एकच यादी पाठवत होतो.

निवांत_तारकर्ली (7 डिसेंबर, दुपारी 3.40)

माझे मत वेगळे आहे. जुने गिऱ्हाईक आपले आहेच, समाधानी असेल तर न बोलावता येते. व्यवसाय वाढायचा असेल तर नवीन माणूस यायला हवा आणि त्यासाठी जाहिरातीला पैसे मोजावेच लागतात. आमच्या तारकर्लीत चार खोल्या आहेत. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात जागा पुरत नाही, पण 1 जूनपासून मासेमारी बंद होते, पाण्यातले खेळही थांबतात आणि खोल्या ओस पडतात. मे महिन्यात येणाऱ्या कुटुंबांची यादी माझ्याकडे आहे, पण ती माणसे जुलैत येणार नाहीत. वही जुनीच माणसे दाखवते, नवी माणसे ती कुठून आणणार?

सुरंगी (7 डिसेंबर, सायंकाळी 6.15)

खाडीकाठ यांच्याशी सहमत. वेंगुर्ल्याहून काजूगर पाठवण्याचा माझा अनुभव उद्या सविस्तर लिहिते. तो फारसा चांगला नाही.

लेखापाल_चिपळूण (7 डिसेंबर, रात्री 9.30)

हिशेबाच्या बाजूने लिहितो. जुन्या गिऱ्हाइकांची यादी लावण्याची एक साधी रीत टपालाने माल विकणाऱ्यांच्या काळापासून चालत आली आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाला तीन प्रश्न लावायचे: शेवटची खरेदी केव्हा केली, एकूण किती वेळा केली आणि किती रुपयांची केली. या तिन्हींतला पहिला प्रश्न सर्वांत बोलका असतो, कारण जो नुकताच येऊन गेला तो पुन्हा येण्याचा संभव जास्त असतो.

मात्र ही रीत आंब्याला जशीच्या तशी लावू नका. किराणा दुकानात तीन महिने न आलेले गिऱ्हाईक दुरावले असे समजतात, पण आंब्याचे गिऱ्हाईक दहा महिने गप्पच असते. म्हणून "केव्हा" हे दिवसांत न मोजता हंगामांत मोजा. मागच्या दोन्ही हंगामांत आलेले नेहमीचे, एक-दोन हंगाम चुकलेले डळमळीत, तीन किंवा अधिक हंगाम न आलेले दुरावलेले. प्रत्येक गटाशी वेगळे बोलायचे. नेहमीच्याला सवलतीची गरज नसते, आपला माल राखून ठेवला आहे ही खात्री त्याला हवी असते. दुरावलेल्याला सवलत देण्याआधी तो का दुरावला हे विचारायला हवे.

मोठ्या रकमांबाबतही एक सावधगिरी घ्या. एखाद्या कचेरीने एकदाच 60 पेट्या वाटण्यासाठी घेतल्या असतील, तर ते नाव रकमेच्या क्रमाने सर्वांत वर येईल आणि तेच आपले उत्तम गिऱ्हाईक आहे असा चुकीचा समज होईल. अशा नोंदी वेगळ्या काढा. दुसऱ्याकडे भेट म्हणून पाठवलेल्या पेट्याही वेगळ्या काढा, कारण तिथे घेणारा एक आणि खाणारा दुसरा असतो. तुमच्या काकूंच्या नोंदीतली ठाण्याची पेटी याच प्रकारची आहे.

निवांत, तुमच्या प्रश्नाचे उत्तरही वहीतच असेल. मे महिन्यातली माणसे जुलैत येणार नाहीत हे मान्य, पण मागच्या जुलैत जी थोडी आली ती कोण होती?

सुरंगी (8 डिसेंबर, सकाळी 10.10)

मागच्या वर्षी चुलत भावाने माझ्या फोनमधले सगळे नंबर एकत्र करून दिले आणि मी व्हॉट्सअ‍ॅपवरून सगळ्यांना एकच संदेश पाठवायला सुरुवात केली. दर दोन दिवसांनी भाव, फोटो, सणाच्या शुभेच्छा. त्या नंबरांत मुलाच्या शाळेतल्या पालकांपासून गॅसवाल्यापर्यंत सगळेच होते. तीन आठवड्यांत बऱ्याच जणांनी मला ब्लॉक केले, काहींनी तक्रारही केली असावी, कारण ऐन मागणीच्या दिवसांत माझा क्रमांक काही काळ बंद झाला. चूक पूर्णपणे माझी होती. जी माणसे सात-आठ वर्षे प्रेमाने काजूगर घेत होती, त्यांतली दोन घरे अजून परतलेली नाहीत आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता मी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये प्रत्येकाला लेबल लावते: "अख्खा गर", "पाकळी", "ओले काजूगर", "फक्त दिवाळी". ओल्या काजूगरांचा संदेश फक्त ते मागणाऱ्यांनाच आणि हंगामात एकदाच जातो. ब्रॉडकास्ट यादीत 256 नावेच बसतात आणि ज्याने आपला नंबर जतन केला आहे त्यालाच तो संदेश पोहोचतो. पूर्वी मला ही अडचण वाटायची. आता वाटते की आपला नंबर कोणी जपून ठेवला आहे हेच त्यातून कळते.

कज्जेदलाली_नको (8 डिसेंबर, दुपारी 12.45)

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. मी सावंतवाडीत वकिली करतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. नियम टप्प्याटप्प्याने लागू होणार असल्याने तयारीला वेळ आहे. कपाटातली कागदी वही त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही, पण तीच माहिती संगणकावर उतरवली की येते. म्हणजे ताई आता जे करणार आहेत, नेमके तेच.

कायद्याचा गाभा सोपा आहे. माहिती ज्या कारणासाठी घेतली त्या कारणासाठीच वापरावी, दुसऱ्या कारणासाठी वापरायची तर स्पष्ट विचारावे, आणि होकार देणे जितके सोपे तितकेच तो मागे घेणेही सोपे असावे. पुढच्या ऑर्डरच्या वेळी "पुढील हंगामाची खबर याच नंबरवर कळवू का?" एवढे विचारा आणि उत्तर तारखेसह तक्त्यात लिहा. एसएमएस पाठवायचे असतील तर ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, 2018 च्या नियमावलीप्रमाणे पाठवणाऱ्याची आणि मजकुराच्या साच्याची डीएलटीवर (दूरसंचार कंपन्यांच्या ऑनलाइन नोंदणी-व्यवस्थेवर) नोंदणी लागते, शिवाय जाहिरातीचे संदेश नकोत अशी 1909 वर नोंदवलेली पसंती पाळावी लागते.

खोल्या देणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष जपावी. पाहुण्यांची नोंदवही आणि ओळखपत्राच्या प्रती सुरक्षेसाठी घेतलेल्या असतात. त्यातून नंबर काढून जाहिरात पाठवणे गैर आहे. जाताना पाहुण्यांना वेगळा कागद द्या, ज्यांची इच्छा असेल ते त्यावर नंबर लिहितील. आणि शेजारच्या व्यावसायिकाशी याद्यांची अदलाबदल कृपा करून करू नका. आपल्याकडे ते सर्रास चालते.

आजोळ_देवगड (8 डिसेंबर, रात्री 8.20)

वर सर्वांनी छान लिहिले आहे, पण माझा आग्रह तक्रारीच्या रकान्यासाठी आहे. साका, म्हणजे हापूसच्या गरात होणारा पांढुरका, आंबट भाग, बाहेरून दिसत नाही, पेटी घरी जाऊन फळ कापल्यावरच कळतो. आमचे वडील तक्रारीची पेटी मुकाट्याने बदलून द्यायचे, पण लिहून ठेवत नसत, कारण तक्रार लिहिणे त्यांना अशुभ वाटे. गेली चार वर्षे मी तक्रारीसमोर तोडणीची तारीख आणि बागेचा तुकडा लिहितो. कातळावरच्या एका तुकड्यातल्या, उशिरा तोडलेल्या मालाच्या तक्रारी सर्वाधिक आहेत असे त्यातून दिसले. आता तो माल मी घरपोच पेट्यांत भरत नाही, आमरसासाठी देतो. या एका बदलाने जेवढी गिऱ्हाइके टिकली, तेवढी कुठल्याही जाहिरातीने मिळवून दिली नसती.

आणखी एक. वही सांगते की माणूस थांबला. का थांबला हे ती सांगत नाही, त्यासाठी फोनच करावा लागतो. मी पंधरा-वीस जणांना केला. कोणी परदेशी गेले होते, कोणाच्या घरी मधुमेह आला होता आणि चौघांना कच्ची पेटी कशी पिकवायची तेच ठाऊक नव्हते. गवतात अढी लावायची असते हे आम्ही गृहीत धरले होते. आता प्रत्येक कच्च्या पेटीत चार ओळींची चिठ्ठी आणि मूठभर जास्तीचे गवत जाते.

चाकरमानी_421 (9 डिसेंबर, सकाळी 7.50)

मी पलीकडच्या बाजूचा, घेणारा माणूस आहे. गाव लांज्याजवळ, राहतो डोंबिवलीत. जन्मदिनाच्या शुभेच्छा पाठवणारा विक्रेता मला आवडत नाही, कारण माझी जन्मतारीख त्याच्याकडे कशी गेली हा प्रश्न आधी मनात येतो. पण ज्या बागायतदाराने मार्चअखेर "तुमच्या नेहमीच्या दोन पेट्या अक्षय्य तृतीयेच्या आधी पाठवू का, की यंदा मुले परीक्षा संपवून मे महिन्यात घरी असतील तेव्हा?" असे विचारले, त्याला मी नऊ वर्षे सोडलेले नाही. दोघांनीही माझी माहिती वापरलीच, पण मी स्वतः सांगितलेले लक्षात ठेवणे वेगळे आणि न सांगितलेले शोधून काढणे वेगळे.

शिमग्याला आणि गणपतीला आम्ही गावी येतो तेव्हा आमसूल, मेतकूट, पोहे हे सगळे तिथूनच घेतो. त्या दोन दिवसांत कोणीही दुकानदार आमचा नंबर विचारत नाही याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. आम्ही तर आनंदाने देऊ.

निवांत_तारकर्ली (10 डिसेंबर, रात्री 10.05)

लेखापाल यांच्या प्रश्नामुळे काल रात्री मागच्या तीन पावसाळ्यांच्या पावत्या काढून बसलो. जून ते ऑगस्ट या काळात एकूण 38 कुटुंबे राहिली आणि त्यांतली 27 कोल्हापूर आणि बेळगावची होती. मुंबईची फक्त चार. विचार केल्यावर कारण लक्षात आले: आंबोली आणि गगनबावड्याचा पाऊस बघायला निघालेली माणसे पुढे समुद्रापर्यंत उतरतात. त्यांना पाण्यातले खेळ नकोच असतात, गरम जेवण आणि व्हरांडा हवा असतो. आणि मी मात्र पावसाळ्याची जाहिरात मुंबईला स्कूबाचे फोटो लावून करत होतो.

जाहिरातीबद्दलचे माझे मत मी सोडलेले नाही. पण ती कोणत्या गावात आणि कोणत्या चित्राने करायची हे वहीला विचारायला हवे होते, हे मान्य करतो. ओळखपत्रांबाबतची सूचनाही पाळीन, पावत्यांवरचे गावाचे नाव मला पुरेसे आहे.

लेखापाल_चिपळूण (10 डिसेंबर, रात्री 10.40)

निवांत, फार मोलाची नोंद. ताई, एक विनंती आहे. दुरावलेल्यांना फोन करणार असाल तर सगळ्यांना करू नका. यादीतल्या एकाआड एक नावाला करा आणि हंगाम संपल्यावर दोन्ही अर्ध्यांची तुलना करा. नाहीतर जी माणसे आपणहून परत येणारच होती, त्यांचेही श्रेय फोनला जाईल.

कलमांची_बाग (31 मे, दुपारी 4.30)

धागा वर आणते आहे, कारण हंगाम आटोपला आणि हिशेब सांगणे माझे कर्तव्य आहे.

वह्या उतरवायला भाच्याला आणि मला मिळून पाच आठवडे लागले. नोंदी सुमारे 1,900 होत्या, मोबाइल क्रमांकावरून घरे निघाली 612. अंदाजापेक्षा पुष्कळ कमी, कारण एकच घर तीन-तीन नावांनी होते. सर्वांत मोठा पुंजका कोथरूडचा, 411038. पूर्वी पुण्याच्या पेट्या सुट्या पार्सलने जात आणि वाटेत दबत. इतकी घरे एका भागात आहेत हे कळल्यावर दर गुरुवारी आमचाच टेम्पो तिकडे पाठवला. दबलेल्या फळांची पुण्याची तक्रार यंदा एकदाच आली.

दुसरी गोष्ट मला अजिबात अपेक्षित नव्हती. पहिली पेटी एप्रिलच्या पूर्वार्धात घेणारी घरे मे महिन्यात बहुधा दुसरी घेतात, पण ज्यांची पहिलीच पेटी मे महिन्याच्या मध्यावर जाते, ती त्या वर्षी पुन्हा घेत नाहीत. म्हणून नेहमीच्या लोकांना मार्चअखेर एक डझनाचा छोटा बॉक्स सुचवला. तेव्हा भाव चढा असतो, त्यामुळे पूर्ण पेटी घ्यायला लोक कचरतात, पण डझनभर देवापुढे ठेवायला आणि चव घ्यायला घेतात. 2018 मध्ये मिळालेल्या हापूसच्या भौगोलिक मानांकनाची आमची नोंदणी आहे, तेही त्या संदेशात पहिल्यांदाच लिहिले. आजवर ते सांगावे असे कधी सुचलेच नव्हते.

लेखापालदादा, तुमचा प्रयोग तंतोतंत केला. दुरावलेली 120 घरे घेतली आणि एकाआड एक अशा 60 घरांना फोन केला. त्यांतल्या 17 जणांनी आंबा घेतला. फोन न केलेल्या 60 पैकी 4 जण आपणहून आले. फोनवर 9 जणांनी यापुढे कळवू नका असे सांगितले, त्यांची नावे त्याच दिवशी काढली. जाहिरातीवर 40,000 ऐवजी 8,000 रुपये खर्च केले, तेही फक्त कोथरूड आणि आजूबाजूच्या भागात. निवांत यांचे म्हणणे खरे ठरले, त्यातून 22 नवी घरे मिळाली. त्या प्रत्येकाला "कोणाकडून कळले" हे विचारले आहे.

डोंबिवलीच्या काकूंचा पूर्ण नंबर 2015 च्या वहीत सापडला. दुपारी 4 नंतर फोन लावला. तो नंबर आता नाशिकच्या एका तरुणाकडे आहे, बंद पडलेले नंबर पुन्हा दुसऱ्यांना दिले जातात हे माझ्या ध्यानातच नव्हते. मी काकूंचे नाव आणि आंब्याचे सगळे बोलून टाकले, मग चूक लक्षात आली आणि त्याची क्षमा मागितली. एका अनोळखी माणसाला मी काकूंची खासगी माहिती सांगून बसले होते.

कज्जेदलाली_नको (31 मे, सायंकाळी 6.10)

ताई, हे लिहिलेत ते फार बरे झाले. तीन-चार वर्षे न वापरलेल्या नंबरवर आधी फक्त आपली ओळख सांगावी आणि समोरच्याने स्वतःचे नाव सांगितल्यावरच पुढचे बोलावे.

कलमांची_बाग (31 मे, रात्री 9.00)

हो, तक्त्यात "नंबर शेवटचा कधी पडताळला" असा रकाना आजच वाढवला. फोन न केलेली उरलेली 56 घरे पुढच्या फेब्रुवारीत घेईन, आणि तेव्हा असेच बोलेन. काकूंची ओळ तक्त्यातून काढली आहे, पण 2017 च्या वहीतल्या त्याच पानावर मुलीचा ठाण्याचा पत्ता आहे. तिथे पुढच्या मार्चमध्ये पोस्टकार्ड टाकणार आहे.